राख, रिठा आणि विटाळ

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. फार तर जमीन, महसूल, गिरण्या आणि संप. चुलीतली राख, रिठ्याचे पाणी, भांडी घासायची चिंच यांना इतिहासाच्या पुस्तकात जागा नसते. त्या बायकांच्या कामाच्या वस्तू, त्यांना कसला आला आहे इतिहास, असे मानण्याची रीत आहे. परंतु ज्या समाजाला ‘अस्वच्छ’ ठरवून शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्या समाजाला स्वच्छतेच्या साधनांचा इतिहास किरकोळ मानता येणार नाही. आपल्याला अस्वच्छ म्हणणाऱ्यांनी कोणत्या साधनाने काय धुतले, आणि काय धुताच येत नाही असे ठरवले, हे आधी तपासले पाहिजे.

हा विषय आज काढण्याला कारण आहे. घरच्या घरी नैसर्गिक साबण, भांड्यांची पूड, फरशी पुसायचे द्रावण तयार करण्याची शिबिरे आता शहरांत आणि तालुक्याच्या गावीही भरतात. बचत गटांतील स्त्रियांना ते जोडधंदा म्हणून शिकवले जाते. ज्या राखेने आपल्या आज्यांचे हात काळे झाले तीच राख आता पाकिटात भरून विकली जाते. या लाटेला हसण्याचे कारण नाही आणि तिच्यात वाहून जाण्याचेही कारण नाही. तिच्यातले आपले काय आणि आपल्याविरुद्ध वापरले गेलेले काय, याची निवड मात्र केली पाहिजे, आणि ती इतिहासाच्या आधारेच करता येईल.

मनोरच्या परिसरापासून सुरुवात करू. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि पालघर-वाडा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तिथले हे गाव, वैतरणेच्या खोऱ्यातले. आजूबाजूला भाताची खाचरे, जंगल आणि वारली, काटकरी, मल्हार कोळी, कोकणा यांचे पाडे. या पाड्यांवरून आणि गावोगावच्या बौद्धवस्त्यांतून मुली महाविद्यालयात येतात. त्यांना विचारले तर कळते की त्यांच्या घरातील म्हाताऱ्या बायका राख म्हणजे एकच वस्तू मानीत नाहीत. लाकडाची राख वेगळी, भाताच्या तुसाची राख वेगळी. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा भेद अगदी बरोबर आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते पाण्यात उतरते, पाणी खारट-बुळबुळीत होते आणि तेलाचा ओशटपणा सोडवते. कपडे आणि तेलकट भांडी या पाण्याने निघतात. तुसाच्या राखेत हा खार थोडा आणि वाळूच्या जातीची सिलिका फार. ती मळ विरघळवीत नाही, खरवडते. करपलेल्या भांड्याच्या बुडाला तीच लागते. काळवंडलेल्या तांब्याला मात्र या दोन्ही राखा पुरत नाहीत. तिथे चिंच किंवा लिंबू हवे, कारण तो काळपट थर आम्लातच विरघळतो.

रिठ्याचेही तसेच. त्याच्या टरफलात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते, त्यामुळे फेस येतो. युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाच्या प्रजातीला सॅपिंडस हे नाव दिले, त्याचा अर्थच ‘भारतीय साबण’ असा होतो. साबण जड पाण्यात फाटतो, त्याचा साका कपड्याला चिकटतो. रिठ्याचे तसे होत नाही. म्हणून किनाऱ्याकडच्या मचूळ विहिरींच्या गावांत रिठ्याची किंमत अधिक. शिकेकाई ही काटेरी वेल. तिच्या शेंगा काढताना हात रक्तबंबाळ होतात. ज्या केसांना ती लागते ते आणि ज्या हातांना तिचे काटे लागतात ते हात, ही बहुधा वेगवेगळ्या घरांतली असतात.

ही सगळी सामग्री फुकटची होती असे मात्र समजू नये. राखेला लाकूड लागते आणि लाकूड जंगलात असते. ठाणे जिल्ह्यात राखेला दुहेरी महत्त्व होते. पाऊस येण्याआधी रोपाच्या जागेवर फांद्या, पाचोळा आणि शेण पसरून जाळायचे, त्याला राब म्हणतात. त्या राखेवर भाताचे रोप धरते. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली आणि राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधने आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्यावरून इतका असंतोष माजला की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. चुलीत आणि शेतात काय जळावे हे सरकार ठरवू लागले की राखसुद्धा परवानगीची वस्तू होते. ‘नैसर्गिक’ म्हणून आज जिचे कौतुक चालले आहे त्या वस्तूमागे जंगलावरील हक्काचा हा झगडा आहे. गौण वनोपजावरील आदिवासींचा मालकी हक्क कायद्याने स्पष्टपणे मान्य व्हायला १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला.

खाराचा व्यापारही जुना आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या खाऱ्या सरोवराचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’त येतो, तो काच आणि साबण यांना लागणाऱ्या द्रव्यांसाठी. म्हणजे सोळाव्या शतकात या देशात साबण ठाऊक होता आणि त्याचा कच्चा माल महाराष्ट्राच्या भूमीतून निघत होता. ‘साबण’ हा शब्द मूळ अरबी. तथापि तो खेड्यातल्या गरिबाच्या घरी पोहोचला नव्हता. तिथे राख, रिठा आणि दगड यांवरच भागत होते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हे ज्ञान ज्यांच्या हातात होते त्यांना अस्वच्छ का म्हटले गेले?

मनुस्मृतीचा पाचवा अध्याय उघडावा. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे ही खार, आम्ल आणि पाणी यांनी शुद्ध करावीत असे तो सांगतो. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने, घोंगडी रिठ्याने, तागाचे तलम कापड पांढऱ्या मोहरीने, असे बारीकसारीक तपशील आहेत. आजच्या एखाद्या शिबिरात वाटलेल्या कागदावर हीच यादी छापली तर ती शोभून दिसेल. ग्रंथकाराला हे रसायन कोठून कळले? भांडी घासणाऱ्या आणि कपडे धुणाऱ्या माणसांच्या कामाखेरीज ते कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. परंतु त्याच अध्यायात, या यादीच्या थोडे आधी, चांडाळ, रजस्वला, बाळंतीण आणि प्रेत यांचा स्पर्श एका ओळीत बसवलेला आहे, आणि तो झाल्यास स्नान सांगितले आहे. पुढे दहाव्या अध्यायात चांडाळाच्या भांड्याचा प्रश्न येतो. ज्या ग्रंथाला प्रत्येक धातूचा मळ काढण्याची कृती ठाऊक आहे, तोच ग्रंथ चांडाळाने वापरलेले भांडे टाकाऊ ठरवतो. तांब्यावरचा थर आम्लाने जातो, कास्यावरचा डाग राखेने जातो. माणसाच्या जन्माचा डाग मात्र कशानेही जात नाही.

येथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली दडवल्या आहेत. एक मळ आणि दुसरा विटाळ. मळ ही वस्तू आहे. ती डोळ्यांना दिसते, हाताला लागते, नाकाला कळते, आणि योग्य द्रव्य वापरले की जाते. ब्राह्मणाच्या धोतरावरचा मळ आणि महाराच्या पंच्यावरचा मळ एकाच राखेने निघतो. विटाळ ही वस्तू नाही. त्याला रंग नाही, वास नाही, वजन नाही. तो कोणाला लागतो आणि कोणापासून लागतो हे जन्मावरून ठरते. म्हणून त्याला साबण चालत नाही, विधी लागतो, आणि विधी करणारा ठरावीकच असतो. वर्णव्यवस्थेची हातचलाखी अशी की तिने मळ काढणाऱ्या माणसांच्या अंगावर विटाळ चिकटवला, आणि मग मळाकडे बोट दाखवून विटाळाचे समर्थन केले.

घाणेरडी कामे केल्यामुळे माणसे अस्पृश्य झाली असे सांगणारी एक विद्वत्ता आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात तिचा समाचार घेतला आहे. नारदस्मृतीचा आधार देऊन ते दाखवतात की दारे, रस्ते, शौचकूप झाडण्यासारखी कामे प्राचीन काळी दास करीत असत आणि दास निरनिराळ्या वर्णांतून येत. घाण काम सर्वत्र होते, सर्व समाजांत होते. त्यातून अस्पृश्यता जन्माला आली असती तर ती साऱ्या जगभर दिसली असती. म्हणजे कामामुळे माणूस अस्पृश्य झाला नाही. आधी त्याला अस्पृश्य ठरवले आणि मग ते काम त्याच्या गळ्यात बांधले.

याचा परिणाम आपल्या घरांवर काय झाला? गावात परीट होता. तो बलुतेदार. खाऱ्या मातीचे पाणी, भट्टीची वाफ आणि घाटावरचा दगड ही त्याची विद्या. पण ती विद्या महारवाड्यात येत नव्हती. बाबासाहेबांनी आपल्या बालपणाच्या आठवणी १९३५ च्या सुमारास लिहून ठेवल्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्या १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाल्या. साताऱ्याच्या घरातील कपडे त्यांच्या बहिणी धूत असत आणि भावांचे केसही बहीणच कापीत असे, हे त्यांनी त्यात नोंदवले आहे. साताऱ्यात परीट आणि न्हावी नव्हते असे नाही. पैसे देण्याची ऐपत नव्हती असेही नाही. अस्पृश्याचे कपडे परीट धूत नव्हता एवढेच.

ही नोंद आपण लक्ष देऊन वाचली पाहिजे. ‘घरच्या घरी’ हा शब्द आज स्वावलंबनाचा, साधेपणाचा म्हणून मिरवतो. आपल्या घरांत तो बहिष्काराचा शब्द होता. गावाने सेवा नाकारली म्हणून धुणे, कापणे, घासणे, रंगवणे सगळे घरात आले, आणि घरात आले म्हणजे घरातील स्त्रीच्या अंगावर आले. परटाने नाकारलेले धुणे आंबेडकरांच्या बहिणींनी धुतले. त्या बहिणींची राख आणि त्यांचे हात यांच्यामुळे तो मुलगा शाळेत स्वच्छ कपड्यांत गेला, आणि वर्गात त्याला बसायला मिळाले ते घरून नेलेल्या गोणपाटावर. कपडा स्वच्छ होता, तरीही विटाळ गेला नव्हता.

हीच गोष्ट पुढे कुमुद पावडे यांनी १९८१ साली ‘अंतःस्फोट’मध्ये सांगितली आहे. रोज न्हाऊन, वेणीफणी करून, नीटनेटक्या कपड्यांत शाळेला जाणाऱ्या मुलीला तिच्याहून अस्वच्छ मुलींच्या आयांनी दूर ठेवले. मळ आणि विटाळ यांचा परस्परसंबंध नाही हे त्या मुलीला कोणत्याही स्मृतीच्या अभ्यासाशिवाय समजले होते.

आता एका वर्षाकडे लक्ष वेधतो. १८८८. इंग्लंडच्या लिव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण त्या वर्षी हिंदुस्थानच्या बाजारात उतरला. त्या काळच्या इंग्रजी साबणांच्या जाहिराती पाहिल्या तर त्यांत काळे मूल साबणाने गोरे होताना दाखवलेले आढळते. साबण म्हणजे सुधारणा आणि काळी कातडी म्हणजे मळ, असा तो धडा होता. विटाळाची कल्पना एकट्या आपल्याच देशाची नाही, हे यावरून कळते. गोऱ्या साम्राज्यानेही मळाच्या आडून माणसाच्या जन्माचा न्याय केला. आणि त्याच १८८८ साली महाडजवळच्या रावढळचे, लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले. धर्ममार्तंडांना त्यांनी प्रश्न विचारले की हा विटाळ कोणत्या शास्त्राने आणि कोणत्या न्यायाने आमच्यावर लादला. एकीकडे मळ काढण्याची वडी विकायला आली, दुसरीकडे विटाळ नाहीसा करण्याचे पुस्तक निघाले. वडीला पुढे कारखाने, दुकाने, जाहिराती मिळाल्या. पुस्तकाचे काम अजून पुरे झालेले नाही.

लवकरच १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. शहराची गटारे समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड यांनी धुतली गेली, घरांना चुना फासला गेला. फिनाइलचा उग्र वास म्हणजे स्वच्छता हे समीकरण आपल्या शहरांत रुजायला या साथीने हातभार लावला. पण त्या धावपळीत महापालिकेला मोठी धास्ती वाटत होती ती हलालखोर, म्हणजे सफाई कामगार, शहर सोडून जातील याची. कार्बोलिक ॲसिडने भरलेली पिंपे होती, पण ती गटारात ओतायला ठरावीक जातीचीच माणसे हवी होती. ज्याच्या स्पर्शाने घर बाटते तो निघून गेला तर घर राहण्यालायक उरत नाही, हे प्लेगने उघड केले.

मळ आणि विटाळ यांची फारकत सर्वांत स्पष्टपणे झाली ती महाडला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले. कशाने? शेण, गोमूत्र, दही, दूध यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून. हे डोळ्यांपुढे आणून पाहावे. पिण्याच्या पाण्यात माणसाने ओंजळ बुडवली तर पाणी घाण झाले, आणि शेणमूत ओतल्यावर ते निर्मळ झाले. स्वच्छतेच्या कोणत्याही शास्त्राने हे उलटे आहे. पण शुद्धीच्या शास्त्राने ते सरळ होते. तळ्यावरील हक्काचा दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. दरम्यान २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. तिच्यातली रिठ्याची कृती जळून काहीच बिघडले नाही, कारण ती कृती त्या ग्रंथाच्या मालकीची कधीच नव्हती.

महाडच्या परिषदांत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, नीटनेटके राहा, घर स्वच्छ ठेवा, असे सांगितले. स्त्रियांपुढे त्यांनी केलेले भाषण प्रसिद्ध आहे. जातीची खूण सांगणारे लुगडे नेसण्याचे वळण आणि हातापायांतील जड गोट-कडी टाकून द्या, असा त्याचा आशय होता. काही सुधारकही अस्पृश्यांना साबण वापरा म्हणून सांगत. दोन्ही उपदेश वरवर सारखे दिसतात. पण सुधारकाच्या उपदेशात एक अट होती. तुम्ही स्वच्छ व्हा, मग आम्ही जवळ घेऊ. बाबासाहेबांच्या सांगण्यात अशी अट नव्हती. त्यांनी स्वच्छता मागितली ती कोणाच्या ओसरीवर प्रवेश मिळावा म्हणून नव्हे. ती स्वाभिमानाचा भाग म्हणून मागितली. पाण्याचा हक्क आधीच मागितला होता, तोही मळकट कपड्यांसह. हा फरक आपल्या शिक्षकांनी विसरू नये. वर्गातल्या पाड्यावरच्या मुलाला ‘अंघोळ करून ये’ म्हणण्यापूर्वी त्याच्या पाड्यावर पाणी येते का, हे विचारण्याची जबाबदारी त्यातूनच येते.

पाण्याचा हा प्रश्न आमच्या भागात इतिहासजमा झालेला नाही. वैतरणेवरील मोडकसागर धरण १९५७ साली पुरे झाले, मोखाड्याच्या बाजूचे मध्य वैतरणा २०१४ साली. दोन्हींचे पाणी मुंबईला जाते. त्याच खोऱ्यातल्या पाड्यांवरील बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन झऱ्याशी वाट पाहतात. २०२० च्या साथीत वारंवार हात धुण्याचा सल्ला या पाड्यांनाही मिळाला, पाणी मात्र त्याबरोबर आले नाही. कोणत्याही साबणाच्या कृतीतला पहिला जिन्नस पाणी असतो. तो कृतीत कोणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या घरी नळ असतो.

साबणाच्या बाजाराचा पुढचा इतिहास थोडक्यात पाहू. गोदरेज यांनी १९१८ साली वनस्पती तेलाचा साबण काढला. परदेशी साबणात जनावराची चरबी, आमच्यात नाही, हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले. म्हणजे साबणाची वडीसुद्धा विटाळाच्या भाषेत विकली गेली. लिव्हरचा मुंबईतील शिवडीचा कारखाना १९३४ साली सुरू झाला. १९५९ साली सर्फ आला आणि १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केला. सर्फच्या कितीतरी कमी किमतीची ती पिवळी पूड खेड्यापाड्यांत पोहोचली. गरिबांच्या घरात राखेची जागा तिने घेतली, आणि ती कोणावर जबरदस्ती म्हणून नव्हे. बायकांचे तासन्‌तासांचे श्रम तिने वाचवले. शहाण्या माणसांनी आज ‘पुन्हा राखेकडे चला’ म्हणताना हे वाचलेले तास कोणाचे होते ते ध्यानात घ्यावे. गॅसची शेगडी असलेल्या घरात राख तरी कोठून येणार? ती चुलीजवळ बसणाऱ्या बाईकडूनच विकत घ्यावी लागणार.

तथापि कारखान्यातील रसायनांची दुसरी बाजूही आमच्याच जिल्ह्यात आहे. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले आणि सत्तरच्या दशकात बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली. रंग, औषधे, रसायने, कापड, पोलाद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे जे मापन केले त्यात तारापूरचा निर्देशांक ९३.६९, म्हणजे सर्वांत वाईट निघाला. वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. मांगेला मच्छीमारांच्या संघटनेने त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. कोणाचे तरी कपडे, घरे आणि बाजार उजळ राहावेत म्हणून कोणाची तरी खाडी काळी होते. जातीने घाण माणसांच्या अंगावर टाकली होती, कारखानदारीने ती त्यांच्या गावांवर टाकली. म्हणून कमी रसायने वापरण्याची चळवळ आपल्यालाही हवी आहे. फक्त तिचे कारण आपले असले पाहिजे.

कारण आपले नसले तर काय होते ते गेल्या काही वर्षांत दिसले. २०१५ साली केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी सहकारी मंत्र्यांना पत्र लिहून सरकारी कार्यालयांत फिनाइलऐवजी गोमूत्रापासून तयार केलेले द्रव वापरण्याची सूचना केली. २०२१ साली मध्य प्रदेश सरकारने आपल्या कार्यालयांसाठी तसा आदेशच काढला. रसायनमुक्त, नैसर्गिक, असे त्याचे वर्णन झाले. परंतु महाडच्या १०८ घागरी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हा वास ओळखीचा आहे. या दोन घटनांच्या मधल्या वर्षी, २०१६ च्या जुलैत, गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून मारण्यात आले. जिवंत गाईचे मूत्र कार्यालय शुद्ध करते आणि मेलेली गाय ओढणारा माणूस मार खातो. ‘नैसर्गिक’ या शब्दाखाली मळाचे शास्त्र शिकवले जात आहे की विटाळाचे, हे ओळखण्याची कसोटी आपल्याजवळ असली पाहिजे. कसोटी सोपी आहे. ती वस्तू मळ काढते म्हणून सांगितली जाते, की पवित्र आहे म्हणून?

या कसोटीवर आजच्या कृती तपासू. रिठ्याची टरफले रात्रभर भिजवून, उकळून, गाळून केलेले पाणी रेशमी-लोकरी कपड्यांना, भांड्यांना चांगले. पण ते दोन-तीन दिवसांत नासते आणि डोळ्यांत गेले तर झोंबते. चिंच-लिंबू तांब्यापितळेला उत्तम. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून केलेले द्रावण फसफसते, म्हणून प्रभावी वाटते. प्रत्यक्षात दोघे एकमेकांचा जोर मारतात आणि फारसे उरत नाही. लिंबू-संत्र्याच्या सालींचे आंबवण सध्या फार बोलले जाते. तीन भाग साली, एक भाग गूळ, दहा भाग पाणी, तीन महिने. बाटलीतला वायू मधूनमधून सोडला नाही तर ती फुटते. आणि ज्या घरात चहाला गूळ मोजून पडतो त्या घरात फरशीसाठी गूळ कोण भिजवणार, हेही शिकवणाऱ्याने सांगावे. हात धुण्यास मात्र साबणच घ्यावा. आणि ब्लीचिंग पावडर व संडासात ओतायचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. हे वाक्य प्रत्येक सफाई कामगाराला आणि घरकाम करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असले पाहिजे, कारण बाटलीवरचे बारीक इंग्रजी अक्षर तिच्यासाठी छापलेले नसते.

यापुढचा प्रश्न श्रमाचा आहे. नैसर्गिक साधन बहुधा अधिक घासायला लावते. शहरातल्या सुशिक्षित घराने पूड बदलली की त्या घराचा अंतरात्मा प्रसन्न होतो, आणि कामवाल्या बाईचे मनगट दहा मिनिटे जास्त चालते. पगार तोच राहतो. पर्यावरणाचे पुण्य एकाचे आणि श्रम दुसऱ्याचे, ही वाटणी आपल्याला अनोळखी नाही. महामार्गावरील हॉटेलांची संडासे धुणारे हात कोणत्या वस्तीतून येतात हे मनोरच्या माणसाला विचारावे लागत नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले. गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढली, पण माणसाला गटारात उतरवणे थांबले नाही. कोणतेही नैसर्गिक द्रावण याला उत्तर नाही. याला उत्तर यंत्र, हातमोजे, मुखवटा, कायम नोकरी आणि त्या कामावरील जातीची मक्तेदारी मोडणे हे आहे.

तेव्हा आपण काय घ्यावे? राख, रिठा, शिकेकाई, चिंच यांचे ज्ञान निःसंकोच घ्यावे. ते ऋषींचे नाही, आपल्या आज्यांचे आहे. बहिष्कारात, टंचाईत, जंगलाच्या काठावर त्यांनी ते हाताने तपासून ठेवले. बचत गटाने रिठ्याची पूड विकायची ठरवली तर फळे वेचणारीला भाव काय मिळतो, हे आधी ठरवावे आणि मग पाकिटाचा रंग. विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या पाड्यावर, वस्तीत बसून म्हाताऱ्या बायकांकडून कोणती राख कशाला, कोणता पाला कशाला, परीट येत होता की नव्हता, पाणी कोठून आणीत होता, याची नोंद करावी. सांगणारीचे वय, गाव आणि तिने वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहावा. या बायका जात आहेत आणि त्यांच्याबरोबर एक न लिहिलेला ग्रंथ जात आहे.

आणि त्या नोंदवहीत एक रकाना आवर्जून ठेवावा: हे काम घरात कोण करीत होते, आणि ते करणारीला गाव काय म्हणत होते. पहिल्या रकान्यांतून मळाचा इतिहास मिळेल. विटाळाचा इतिहास या शेवटच्या रकान्यात सापडेल, आणि तो लिहिल्याशिवाय पहिला पुरा होणार नाही.